छापाच्या तळाशी मॉडेलचं नाव का नसतं?

एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर (प्लेटवर) आम्लानं रेषा कोरून काढलेला, छाप वाळला की प्लेटच्या दाबखुणेखाली चित्रकार पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहितो. डावीकडे आवृत्तीतला क्रमांक, म्हणजे पंचवीस प्रतींपैकी सातवी असेल तर ७/२५. उजवीकडे सही आणि साल. मधोमध शीर्षक. दोन्ही कडांच्या जागा काटेकोर असतात. क्रमांक चुकला तर प्रत खोटी ठरते, सही नसेल तर कोणी विकत घेत नाही. मधल्या जागेत मात्र 'मजूर', 'म्हातारा', 'विणकर', 'गोंड स्त्री', 'पोर्ट्रेट ३' असं काहीही चालतं. दोन दिवस समोर मान न हलवता बसलेल्या माणसाला नाव होतं. ते कागदावर कुठंच येत नाही, आणि बहुतेक वेळा चित्रकाराच्या वहीतही नसतं.

निनावी राहायचा हक्क माणसाला आहेच. तो त्यानं स्वतः मागितलेला असावा, एवढंच म्हणणं आहे. विचारायचं राहून गेलं म्हणून आलेलं निनावीपण ही चित्रकाराची सोय असते. सरकारी पैशावर चालणाऱ्या कला महाविद्यालयांनी, राज्याच्या प्रदर्शनांनी आणि संग्रहालयांनी तरी ती सोय आता बंद करावी. व्यक्तिचित्र स्वीकारताना 'बसलेल्या माणसाला काय विचारलंत, आणि तो काय म्हणाला?' हे लिहून घ्यावं. मागणी लहान आहे. पण एचिंगच्या बाबतीत ती जास्त टोकदार का होते, हे कळायला प्लेटवर काय घडतं ते पाहावं लागेल.

तैलचित्रात मॉडेल शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत समोर असू शकतो. एचिंगमध्ये तो मधेच निघून जातो. ठिय्यावरून, म्हणजे मजूर जिथं कामाची वाट पाहत उभे राहतात तिथून, दिवसाच्या मजुरीवर आणलेला माणूस एक-दोन दिवस बसतो, कागदावर रेखाटन होतं, त्याला पैसे दिले जातात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. जस्ताच्या पत्र्याच्या कडा कानशीनं पंचेचाळीस अंशात उतरवायच्या, पत्रा खडूची पूड आणि व्हिनेगर लावून तेलकटपणा जाईपर्यंत घासायचा, मेण-राळ-बिट्युमेनचं ग्राउंड, म्हणजे आम्ल अडवणारा थर, रोलरनं पातळ पसरायचं, सुईनं रेषा उघड्या करायच्या आणि मग त्या खाण्यासाठी आम्ल. चेहरा घडतो तो या टप्प्यांत, आणि तेव्हा चेहऱ्याचा मालक दुसऱ्याच कुठल्या बांधकामावर असतो. एका बैठकीच्या मजुरीतून पंचवीस चेहरे निघतात आणि पंचवीस भिंतींवर जातात.

त्यातच एचिंग माणूस उलटा करतं. प्लेटवर जे उजवं ते छापात डावं. निसर्गचित्रात याची फारशी फिकीर कोणी करत नाही, पण आपल्याकडच्या माणसाच्या अंगावर त्याची ओळख कुठल्या बाजूला आहे यालाच अर्थ असतो. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर गेला की बाई क्षणात दुसऱ्या प्रांतातली वाटू लागते. डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते. पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी बायकी होते. विडी वळणारी बाई डावखुरी होते. डाव्या खांद्यावरचं जानवं उजव्या खांद्यावर येतं, म्हणजे सव्य असलेला माणूस अपसव्य होतो, आणि मराठी घरातला कोणीही म्हातारा ते पाहून विचारेल की हा श्राद्धाला बसलाय का. हातावर गोंदलेलं नाव तर आरशातल्यासारखं उलटं छापलं जातं. ज्या माणसानं आपलं नाव कातडीवर कोरून घेतलंय, त्याचंही नाव आपण वाचता येणार नाही असं करून ठेवतो.

याला उपाय अवघड नाही. मऊ पेन्सिलीनं, ४बी किंवा ६बीनं, ट्रेसिंग कागदावर रेखाटन उतरवायचं, पेन्सिलीची बाजू ग्राउंडवर पालथी घालायची आणि अगदी हलक्या दाबानं प्रेसमधून काढायची. ग्रॅफाइटची चंदेरी रेघ काळ्या ग्राउंडवर उलटी उमटते, त्यामुळे छाप सुलटा येतो. दाब जास्त झाला की ग्राउंडलाच ओरखडे पडतात आणि आम्लात नको तिथं ठिपके खातात. पाच मिनिटांचं काम, तरी टाळलं जातं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटनंही टाळलं होतं. १६५० साली त्यानं एका शंखाचं एचिंग केलं. शंखाचा पीळ छापात उलट्या दिशेनं आला, निसर्गात तसा तो नसतो. सही मात्र त्यानं प्लेटवर उलटी काढली होती, म्हणून ती सुलटी छापली गेली. शंखानं तक्रार केली नाही. माणसाच्या बाबतीत हाच हिशेब लावणं बरोबर नाही.

यात एक गंमतही आहे. उलटा छाप मॉडेलला दाखवला तर तो 'हो, मीच' म्हणतो, कारण आरशात त्यानं स्वतःला तसंच पाहिलेलं असतं. त्याची बायको म्हणेल, काहीतरी चुकलंय. लोक आपल्याला ओळखतात तो चेहरा आणि आपण आपला मानतो तो चेहरा, दोन्ही एकाच प्लेटचे.

आता कातडीचा रंग. इथं तंत्र आणि समाज एकमेकांत इतके गुंततात की वेगळे काढता येत नाहीत. रेषेचं काम झालं की छटांसाठी अॅक्वाटिंट करतात. राळेची बारीक पूड पेटीत उडवून प्लेटवर बसू द्यायची, निम्मा पत्रा झाकला जाईल इतकी, आणि खालून ऊब द्यायची. पांढरी पूड पारदर्शक झाली की थांबायचं. ऊब जास्त झाली तर कण वितळून एकमेकांना चिकटतात, आम्लाला वाट उरत नाही आणि चेहऱ्यावर फिके चट्टे येतात. पूड कमी पडली तर आम्ल सगळा पत्राच खातं आणि काळ्याऐवजी मळकट राखाडी मिळतो, कारण शाई धरायला खाचा उरत नाहीत.

सावळा किंवा काळा माणूस समोर असला की विद्यार्थी हमखास करतात ती चूक म्हणजे सबंध चेहऱ्याला एकच लांब बाइट, म्हणजे आम्लात एकदाच बराच वेळ बुडवणं. डोळ्यांचे पांढरे भाग तेवढे झाकायचे आणि बाकी सगळं आम्लात सोडायचं. छापात कोळशाचा मुखवटा येतो, त्यात दोन डोळे चमकतात, गालाचं हाड नाही, ओठांची कड नाही. नंतर तीच प्रत 'श्रमिक' या नावानं लागते आणि लोक तिच्यातल्या वेदनेचं कौतुक करतात. वेदना नाही, बाइट चुकलेला आहे! काळ्या कातडीवर प्रकाश गोऱ्या कातडीपेक्षा जास्त झळकतो, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालावर. त्या जागा पहिल्यांदाच आम्ल अडवणाऱ्या स्टॉप-आउट वार्निशनं झाकाव्या लागतात. मग पाच-सहा पायऱ्या: पाच सेकंद, दहा, वीस, चाळीस, दीड मिनिट, तीन मिनिटं, प्रत्येक पायरीनंतर धुवून, वाळवून पुढची छटा झाकायची. शेवटी बर्निशर, म्हणजे पत्रा घासून गुळगुळीत करायचं हत्यार, घेऊन गालाचं हाड घासून वर काढायचं. या वेळा विरळ नायट्रिक आणि जस्त धरून आहेत, आणि त्या रोज बदलतात.

नागपुरात तर फारच बदलतात. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकला की आम्ल जोरात धावतं. ग्राउंड मऊ पडून सुईला चिकटतं. शाई इतकी पातळ होते की मलमलीनं पुसताना रेषेतूनही निघून जाते. आम्ल आणि पाण्याचं एकास दहा हे प्रमाण पुस्तकातलं, या हवेत ते एकास पंधरा करावं लागतं. सकाळी आठच्या आत बाइट उरकावा आणि पत्र्याच्या तुकड्यावर रोज नवी चाचणी पट्टी काढावी. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे सांगायची गरज नसावी. नायट्रिकचा धूर नकोसा असेल तर मोरचूद आणि मीठ, दोन्ही पंचाहत्तर ग्रॅम, एक लिटर पाण्यात. संत्र्याच्या बागांना बोर्डो मिश्रणासाठी लागतं तेच मोरचूद, कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं. बुडबुडे येत नाहीत, रेषेची कड स्वच्छ राहते. तांबूस गाळ साचतो तेवढा ब्रशनं हलवत राहायचा.

उलटी चूकही होते. प्रदर्शनात छान दिसावं म्हणून काळ्या बाईचा चेहरा उजळ केला जातो. दोन्हीकडे मॉडेलला कोणी विचारत नाही की बाई, हा तुमचा रंग आहे का.

शीर्षकाचा इतिहास याहून जुना आहे. जाक कालो या लोरेनच्या चित्रकारानं १६२२-२३च्या सुमारास भिकाऱ्यांची पंचवीस एचिंग केली, त्यात कोणाचंही नाव नाही. त्यानंतर दहा वर्षांच्या आत व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकारानं सरदार, विद्वान आणि चित्रकार यांच्या व्यक्तिचित्रांची मालिका हाती घेतली, त्यात प्रत्येकाखाली नाव आणि हुद्दा. तांब्याचा पत्रा मात्र तसाच. आपल्याकडे हे बाल्टाझार सोल्विन्सच्या हातून आलं. हा फ्लेमिश चित्रकार १७९१ साली कलकत्त्याला पोहोचला. १७९६पासून त्यानं अडीचशे रंगीत एचिंगांचा संग्रह काढला, आणि पुढे १८०८ ते १८१२ या काळात पॅरिसला २८८ प्लेटांचे चार खंड. माणसं जातीनं आणि धंद्यानं लावलेली. सोल्विन्स काही दुष्ट नव्हता. प्लेटा तो स्वतःच्या हातानं करत होता आणि कामकऱ्यांकडे त्यानं पाहिलं तसं त्याच्या काळात थोड्यांनी पाहिलं. तरीही समोर उभा राहिलेला माणूस छापात उतरला तो जातीचा नमुना म्हणून.

नमुन्याची ही सवय नागपूरला नवी नाही. इथलं संग्रहालय, अजब बंगला, १८६३चं. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६चे, आणि त्या कामाचं केंद्र हेच शहर. पुढे त्याच प्रकारच्या नोंदींवर दाखले, सवलती आणि खटले उभे राहिले. नोंदीतला शब्द माणसावर किती भारी पडतो हे पाहायचं तर सीताबर्डीवर गोवारी स्मारकापाशी उभं राहावं. २३ नोव्हेंबर १९९४ला विधानभवनावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि गोवारी समाजाची ११४ माणसं गेली. वाद असा, की अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत 'गोंड गोवारी' लिहिलंय ते एक नाव की दोन, मधे स्वल्पविराम हवा की नको. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही वेगळे ठरवले. त्या निकालात इथं शिरायचं कारण नाही. ज्या शहरानं एका स्वल्पविरामाचा भार पाहिलाय, तिथल्या चित्रकारानं छापाखाली सहज म्हणून जातीचं नाव लिहू नये.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: नाव लिहिलं की चित्र त्या माणसापुरतं उरतं, 'मजूर' म्हटलं की सगळ्यांचं होतं. हे खरं असतं तर रेम्ब्रांटनं १६४७ साली केलेलं यान सिक्सचं एचिंग कोणी पाहिलं नसतं. खिडकीला टेकून वाचत उभा असलेला तो माणूस नावानिशी आपल्यापर्यंत आलाय आणि त्याच्या नावामुळे खिडकीतला उजेड कमी झालेला नाही. उलट नाव नसलं की बघणारे आपल्या मनातली नावं चिकटवतात. रेम्ब्रांटच्या एका म्हातारीला पुढच्यांनी त्याची आई करून टाकलं, कुठल्या म्हाताऱ्याला बाप. ती नावं खरी की खोटी यावर अभ्यासक अजून घाम गाळतात.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो, आणि तो कलेतून येत नाही, महाराष्ट्रातून येतो. इथं पूर्ण नाव लिहिणं म्हणजे अनेकदा जात लिहिणं. आडनाव वाचलं की समोरचा मनात खण उघडतो. १४ ऑक्टोबर १९५६ला याच शहरात लाखो लोक एका लादलेल्या ओळखीतून चालत बाहेर पडले. त्यांच्या नातीला मॉडेल म्हणून बसवून छापाखाली 'दलित स्त्री' लिहायचं, किंवा न विचारता आडनावासकट नाव लिहायचं, दोन्हीत तिला पुन्हा त्याच दारातून आत ढकलणं आहे. दुसऱ्या बाजूला, बख्त बुलंद शहा या गोंड राजानं वसवलेल्या नागपुरातला एखादा माणूस म्हणेल, माझं नाव नाही लिहिलं तरी चालेल, 'गोंड' मात्र लिहाच. तोही बरोबर. म्हणून 'नाव लिहाच' असा सरसकट नियम नको. विचारण्याचा नियम हवा, आणि उत्तर काहीही आलं तरी ते मॉडेलचं असावं.

कधी, कसं विचारायचं हेही महत्त्वाचं. मजुरी ठरवताना विचारलं तर माणूस प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो, कारण काम हातचं जायला नको असतं. पहिली बैठक संपून पैसे हातात पडल्यावर विचारावं, रेखाटन समोर ठेवून, त्याच्या भाषेत. किती प्रती निघणार, कुठं लागणार, विकल्या जाणार का, हे आधी सांगावं. मग पर्याय: पूर्ण नाव, नुसतं नाव किंवा हाक मारायचं नाव, किंवा काहीच नाही. शीर्षकात काम किंवा समाज यायला हवा का, हा वेगळा प्रश्न म्हणून विचारावा. उत्तर प्रदर्शनाच्या चिठ्ठीवर नसलं तरी आवृत्तीच्या नोंदवहीत असावं, प्लेटचं माप, कागद, शाई, प्रतींची संख्या जिथं लिहितो तिथंच. मत बदललं तरी घाबरायचं कारण नाही. शीर्षक पेन्सिलीत असतं, खोडता येतं.

हे आत्ता केलं नाही तर पुढे किती महागात पडतं ते युरोपातली संग्रहालयं बघून कळतं. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०१५मध्ये आपल्या संग्रहातल्या अपमानकारक शीर्षकांची फेरतपासणी हाती घेतली. पॅरिसला २०१९च्या प्रदर्शनात मारी-गिल्मीन बनुआच्या १८००च्या चित्रातल्या कृष्णवर्णीय स्त्रीला 'मादलेन' हे नाव परत मिळालं. तोवर दोनशे वर्षं ती फक्त वंशाच्या नावानं ओळखली जात होती. चित्रकार चित्तप्रसादनं मात्र १९४३च्या बंगालच्या दुष्काळात जागेवरच रेखाटनांवर माणसांची नावं लिहून ठेवली. भुकेनं मरणाऱ्यांत हिंडताना त्याला ते जमलं, तर पंखा लावलेल्या स्टुडिओत जमायला हरकत नसावी.

ब्रिटिश चित्रकार लुशियन फ्रॉइडचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येतं. त्याच्या १९९६च्या एका मोठ्या एचिंगचं शीर्षक, मराठीत सांगायचं तर, 'दंडावर गोंदण असलेली बाई'. ती सू टिली, सरकारी मदत कार्यालयातली पर्यवेक्षक. आदल्या वर्षीच्या तैलचित्रात तर तिचा हुद्दाच शीर्षक झाला होता, आणि २००८मध्ये ते चित्र ३ कोटी ३६ लाख डॉलरला गेलं. सू टिलीचं नाव सगळ्यांना कळलं, कारण ती बोलू शकत होती, पत्रकार तिच्याकडे जात होते. ठिय्यावर उभ्या असलेल्या बाईला शोधत कोणी येणार नाही.

कायद्याकडे पाहावं तर तो आधीच एका बाजूचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात 'एन्ग्रेव्हिंग' या शब्दात एचिंगही येतं. कलम १७नुसार कोणी मोबदला देऊन आपलं व्यक्तिचित्र किंवा एन्ग्रेव्हिंग करवून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक तोच. म्हणजे पैसे देऊन बसलेल्याला हक्क. पैसे घेऊन बसलेल्याबद्दल या कलमात अवाक्षर नाही. ते बदलायला संसद लागेल, पण निदान एक रूढी बदलायला कोणाची परवानगी नको. प्लेट छापून देणाऱ्या कारागिराला आवृत्तीबाहेरची एक प्रत द्यायची पद्धत छापखान्यांत रुळलेली आहे. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती असतात, साधारण आवृत्तीच्या दहा टक्के. त्यातली एक मॉडेलची असावी, पहिल्या दहा छापांतली. जस्तावरचं अॅक्वाटिंट दाबाखाली झिजत जातं, ड्रायपॉइंटची, म्हणजे आम्लाशिवाय थेट पत्र्यावर ओरखडलेल्या रेषेची, मखमली कड तर दहा-पंधरा छापांतच बसते, आणि पंचविसाव्या प्रतीत चेहऱ्याच्या सावल्या विरलेल्या असतात.

ही प्रत त्याच दिवशी हातात देता येत नाही, हे आधीच धरून चालावं. कागद अर्धा तास भिजवून, टिपून, मग प्रेसखाली जातो. छाप निघाल्यावर टिपकागदांत, फळीच्या वजनाखाली तीन-चार दिवस ठेवला नाही तर कडा वळतात. पावसाळ्यात टिपकागद रोज बदलले नाहीत तर बुरशीचे ठिपके पडतात. तेव्हा मॉडेलला आठवड्यानं पुन्हा बोलवावं लागेल आणि त्या दिवशी त्याची मजुरी बुडेल. ती मजुरी खर्चाच्या अंदाजात पहिल्यापासून धरावी, कागद आणि शाईच्या शेजारी.